बंबईवाल्या ताऊंचा बिल्ला

गुडगावच्या त्या नव्या कॉलनीत पाण्याच्या लाइनचं काम बघणारी मी एकटीच बाई होते, आणि कंपनीने आणलेला मेटल डिटेक्टर नीट चालवता येणारीही मी एकटीच. दुसऱ्या गोष्टीचा मला पहिलीपेक्षा जास्त अभिमान होता.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. दिल्लीबाहेर मोहरीच्या शेतांतून रस्ते आखले जात होते. रस्त्यांच्या आधी पाट्या उभ्या राहायच्या आणि पाट्यांवरच्या चित्रांत कारंजी, हिरवळ, गोरीपान मुलं. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात. मी पुण्याहून सिव्हिल इंजिनियर होऊन आलेली, पण लग्नानंतर बदल्यांच्या धामधुमीत पदवी पेटीत पडून होती. खासगी कंपन्या भराभर माणसं घेऊ लागल्या तेव्हा नवराच म्हणाला, "अगं, अर्ज तर कर. नाही म्हणाले तर घरी आहेसच." नाही म्हणाले नाहीत.

डिटेक्टरची गंमत अशी होती की ठेकेदाराने रस्त्याचा भराव घालताना आमचे व्हॉल्व्ह पुरून टाकले होते. नकाशात व्हॉल्व्ह एकीकडे आणि जमिनीत भलतीकडे. लोखंडी झाकणं शोधायला कंपनीने हे यंत्र मागवलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल चकती, आणि कानाला हेडफोन. चकती जमिनीवरून हळूहळू फिरवायची. लोखंड आलं की कानात जाडसर घरघर. पितळ किंवा तांबं असलं तर आवाज बारीक, चिलटासारखा. बरोबरीच्या पुरुषांना हा फरक ऐकू येईना. मला येई. लहानपणी तंबोरा लावताना कान पिळून घेतले होते ते इथे कामाला आले असावेत.

शेजारच्या गावातले लोक बांधावर बसून माझी ही कवायत बघत. त्या काळात दिल्लीत सिनेमाघरांच्या दारांत तपासणीच्या चौकटी लागलेल्या, बेवारशी पिशवी दिसली की धावाधाव. त्यामुळे कोणी ना कोणी विचारायचंच, "बहनजी, बम ढूंढ रही हो के?" मी म्हणायची, "पानी ढूंढ रही हूँ." हे उत्तर त्यांना बाँबपेक्षाही आवडायचं.

होळीनंतरच्या एका सकाळी, एका जुन्या बाभळीच्या अलीकडे, कानात बारीक आवाज आला. व्हॉल्व्ह तिथे नव्हता हे मला ठाऊक होतं. सोबतचा कामगार म्हणाला, "मॅडम, छोड़ो, कोई ढिबरी होगी." ढिबरी म्हणजे नट. पण आवाज इतका स्वच्छ होता की मला राहवेना. त्याने कुदळ घातली, मी हाताने माती उकरली आणि हातभर खोलीवरून एक हिरवट गोळा वर आला. माती झटकली तर तळहातात मावेल अशी धातूची चकती. पुढे काहीतरी उठाव, पण मातीने आणि गंजाने सगळं भरलेलं. कडेला समोरासमोर दोन भोकं, आणि एका भोकात लोखंडी तारेचा कुजलेला तुकडा.

साइट इंजिनियरला दाखवली. तो म्हणाला, "जमिनीत सापडलेलं भंगार तुमचं." मी ती रुमालात बांधून पर्समध्ये टाकली.

घरी आल्यावर मी लेकीला उत्साहाने सांगितलं, "अगं, मला आज एक बिल्ला सापडला!" ती आठ वर्षांची, जन्मापासून दिल्लीत वाढलेली. ती धावत दारापाशी गेली आणि म्हणाली, "किधर है? काळा आहे की पांढरा?" हिंदीत बिल्ला म्हणजे बोका, हे मला मागाहून सुचलं. मांजर नसून धातूचा तुकडा आहे म्हटल्यावर ती इतकी हिरमुसली की त्या दिवशी तिने जेवताना माझ्याशी अबोला धरला.

मी चकती चिंचेच्या कोळात भिजत घातली. दुसऱ्या दिवशी चिंच-मीठ लावून, जुन्या टूथब्रशने घासत बसले. शेजारच्या ब्लॉकमधले एक काका, आमच्या मराठी मंडळींचे म्होरके, चहाला आले होते. दर संक्रांतीला बस ठरवून सगळ्यांना पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी नेणारे ते हेच. घासता घासता आधी दोन दांडे दिसले, मग त्यांच्या टोकांना पाती. एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन कुऱ्हाडी.

काका उठून उभेच राहिले. "परशू! हा आपल्या लोकांचा आहे. पानिपतावरून परतताना कोणी मावळा इथवर आला असणार."

"काका, इथे खाली इंग्रजी अक्षरं आहेत," मी म्हटलं.

"कुठे?"

"ही बघा. एफ आणि बी."

काकांनी डोळे बारीक करून पाहिलं. "मग इंग्रजांनी आपल्याकडून हिसकावून घेतला असेल," ते म्हणाले, आणि चहा संपवला.

नवरा कार्यालयातून आला तो म्हणाला, फ्रंटियर बटालियन. त्याच्या शेजारच्या टेबलवाल्याच्या मते हा कुठल्याशा बँकेच्या रखवालदाराचा असावा. आठवडाभर आमच्या घरी जो येई तो एफ आणि बीचा नवा अर्थ सांगून जाई. मला मात्र कुऱ्हाडींच्या वर आणखी एक आकार दिसत होता, घुमटासारखा, मधोमध उंच कणा असलेला. तो मी कुठेतरी पाहिला होता आणि कुठे ते काही केल्या आठवेना.

आठवलं ते गुडगावच्या अग्निशमन केंद्रात. नव्या कॉलनीत आगीसाठीचे हायड्रंट, म्हणजे रस्त्याच्या कडेचे ते मोठे लाल नळ, कुठे बसवायचे याचे नकाशे मी तयार केले होते आणि त्यांना मंजुरी घ्यायला गेले होते. तिथले मुख्य अधिकारी निवृत्तीला आलेले, भरघोस पांढऱ्या मिशांचे, मूळचे डोंगराकडचे. नकाशे उलगडताना माझी नजर टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या टोपीवर गेली. टोपीवर तस्साच बिल्ला होता. दोन कुऱ्हाडी आणि वर शिरस्त्राण. तो घुमट म्हणजे बंबवाल्यांचं जुनं पितळी शिरस्त्राण होतं.

मी नकाशे बाजूला सारून पर्स उघडली.

त्यांनी चष्मा लावला, चकती उजेडात धरली, उलटी केली. "फायर ब्रिगेडचा आहे, यात शंका नाही," ते हिंदीत म्हणाले. "एफ बी म्हणजे तेच. पण कुठल्या शहराचा नाही. शहराचं नाव असतं खाली." मग त्यांनी मागची बाजू माझ्यापुढे केली. मी पुढूनच इतकं घासत बसले होते की मागे नीट पाहिलंच नव्हतं. तिथे बाणाच्या टोकासारखी एक छोटी खूण ठोकलेली होती.

"ही खूण इंग्रजांच्या काळात फौजेच्या सामानावर असायची," ते म्हणाले. "लढाईच्या दिवसांत दारूगोळ्याच्या डेपोंना स्वतःचे बंब असत. हा तिथल्या कोणाचा तरी. टोपीला लावायची कडी इथे होती, ती तुटली आहे. पण ही दोन भोकं आमच्या लोकांची नाहीत. कोणीतरी नंतर खिळ्याने पाडली आहेत. ती का पाडली, ते पाडणाराच सांगेल." बिल्ला परत देताना ते म्हणाले, "बेटी, जिथे मिळाला तिथेच विचार. ज्याचा असेल त्याने फार शोधला असणार."

बाभळीच्या पलीकडचं गाव आमच्या साइटला लागूनच होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिथल्या चौपालवर, म्हणजे गावच्या पारावर, गेले. खाटांवर बसून म्हातारे हुक्का ओढत होते. मी विचारलं, "गाँव में कोई दमकल में था? आग बुझाने वाली गाड़ी पर?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फौजी? फौजी घरटी एक. कोणी बर्माला लढलेला, कोणी लडाखला. पण आग विझवणारा? नाही. असला फौजी त्यांनी ऐकलाच नव्हता. मी आभार मानून निघाले, तर एकाने विचारलं, "बहनजी, आप किधर की हो?"

"महाराष्ट्र की. पुणे."

"अच्छा!" सगळे एकदम हसले. "फिर तो हमारे बंबईवाले ताऊ से मिलकर जाओ. आपकी बोली बोलै सै." ताऊ म्हणजे तिकडे वडिलांचा मोठा भाऊ. गावातल्या कुठल्याही वयस्क माणसाला ताऊच म्हणतात. हे ताऊ म्हणे तरुणपणी मुंबईच्या कुठल्याशा कापडगिरणीत होते आणि रागावले की कोणाला कळणार नाही अशा भाषेत शिव्या द्यायचे.

बिल्ल्याचा विचार सोडून, निव्वळ कुतूहलाने मी त्यांच्या घरी गेले. अंगणात एक उंच, सडसडीत म्हातारा खाटेच्या दोऱ्या आवळत बसला होता. पांढरी पगडी, पाय अनवाणी. मी नमस्कार केला आणि सरळ मराठीत विचारलं, "आजोबा, तुम्ही मुंबईला कुठे होतात?"

त्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. मग सावकाश, एकेक शब्द कुठून तरी खालून वर काढावा तसे म्हणाले, "म्हमई? म्हमई मी उभ्या जल्मात बगितली न्हाई. मी बंबावर हुतो."

मला हसू फुटलं आणि अंगावर काटाही आला. गावाने ऐकलं होतं बंबई, आणि ते सांगत होते बंब. हरयाणात बंब म्हणत नाहीत. घरी परतल्यावर त्यांनी सांगितलं, मी बंबवाला होतो, आणि ऐकणाऱ्याला जे कळलं तेच नाव त्यांना चिकटलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते न पाहिलेल्या शहराच्या नावाने ओळखले जात होते.

"कुठल्या बंबावर, आजोबा?"

"पुन्याजवळ. दारूगोळ्याचा डेपो हुता तिथं."

मी पर्समधला रुमाल काढला, सोडला आणि खाटेवर ठेवला.

त्यांनी बिल्ला लगेच उचलला नाही. आधी कुर्त्याला हात पुसले. मग उचलून बोट कडेवरून फिरवलं, भोकांपाशी थांबले. "कुठं घावला ह्यो?" त्यांनी विचारलं. "बाभळीकडं?"

"हो. बाभळीच्या अलीकडे."

त्यांनी मान वळवून आत हाक मारली. त्यांची बायको पदर सावरत बाहेर आली. तिथे ताऊच्या बायकोला ताई म्हणतात, त्यामुळे त्या सत्तरीच्या बाईंना मीही ताईच म्हणत आले. त्यांनी बिल्ला पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हात धरून मला खाटेवर बसवलं. "बस, बाई, बस," त्या म्हणाल्या. मराठीतच. लग्नानंतर त्याही दोन वर्षं डेपोच्या चाळीत राहिल्या होत्या. एवढे शब्द त्यांच्यापाशी शिल्लक होते. "बस", "पानी घे", "भाकर खा". त्यांनी ते तिन्ही एकामागून एक वापरले.

मग ताऊंनी भोकांची गोष्ट सांगितली. लढाई संपली, डेपोतली माणसं कमी केली. टोपी, पट्टा, बूट सगळं परत घेतलं, पण बिल्ला तेवढा राहिला. टोपीच नाही तर तो लावायचा कुठे? घरी एक बैल होता, तांबडा, उंच, स्वभावाने फार शहाणा. ताऊंनी खिळ्याने बिल्ल्याला दोन भोकं पाडली, तार ओवली आणि लोकरीच्या पट्टीवर बसवून तो बैलाच्या कपाळाला बांधला.

"बैलाच्या?" मी विचारलं.

"मग? मी टोपी घालून पेटलेल्यात शिरलो, तो ऊन डोक्यावर घेऊन नांगराला शिरायचा. त्याचा बी हक हाय." ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "बिल्ला बांदला का तो मान अशी वर धरायचा."

ताईंनी हसत मान हलवली आणि हिंदीत सांगितलं की बैल मान वर धरायचा नाही, हेच धरायचे.

एका नांगरणीत पट्टी तुटली आणि बिल्ला गेला. ताऊंनी ढेकूळ न् ढेकूळ फोडलं. गावातल्या पोरांना गूळ कबूल केला. पुढे प्रत्येक पेरणीला, प्रत्येक कापणीला ते खाली मान घालून चालत राहिले. मग कॉलनीसाठी जमीन गेली. बुलडोझर आले त्या दिवशी ते बांधावर उभे राहिले होते. "लोकांस्नी वाटलं म्हातारा जमिनीसाठी रडतो. जमिनीसाठी तर रडलोच," ते म्हणाले आणि बिल्ल्याकडे पाहिलं. "पन ह्यो बी तिथंच हुता ना."

त्यांची मराठी मावळातली होती, बरोबरीच्या मावळातल्या गड्यांकडून उचललेली, आणि त्यावर हरयाणवी हेल. एक मोठी खोड होती. त्यांना नपुंसकलिंग जमत नसे. ते गवत नाही, तो गवत. ते झाड नाही, ती झाड. माझ्या लेकीचंही तेच व्हायचं, आणि तिला मी दिवसातून दहादा दुरुस्त करायची. ताऊंचं ऐकताना एकदाही दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

मी घरी जाऊन सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "म्हणजे काकांचं अगदीच चुकलं नाही. मावळ्यांचाच निघाला." पुढच्या रविवारी तो स्वतः माझ्याबरोबर ताऊंना भेटायला आला, आणि लेकही.

ताऊंच्या मनात एक सल होता, तो मला दोन-तीन भेटींनंतर कळला. गावात फौजी म्हणजे बंदूकवाला. चौपालवर लढाईच्या गोष्टी निघाल्या की ताऊ गप्प. त्यांनी सुरुवातीला सांगून पाहिलं होतं, पण "पाणी मारायला फौज कशाला?" म्हणून लोक हसले. नंतर त्यांनी विषयच सोडला, आणि लोकही ते विसरून गेले. मुंबईच्या गिरणीची अफवा त्यांनी खोडली नाही, ती त्यामुळेच. गिरणी तरी लोकांना ठाऊक होती.

पावसाळ्याआधी आमच्या हायड्रंटची चाचणी ठरली. त्यातला एक हायड्रंट नेमका ताऊंच्या जुन्या शेतात, बाभळीपासून हाकेच्या अंतरावर आला होता. ते मी मुद्दाम केलेलं नव्हतं, रस्ताच तसा वळत होता. पण चाचणी त्याच हायड्रंटवर घ्यायची, हे मात्र मी मुद्दाम ठरवलं. अग्निशमन केंद्रात जाऊन मी त्या मिशाळ अधिकाऱ्यांना बिल्ल्याची सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "त्यांना बोलवा. मी गाडी घेऊन येतो."

लाल गाडी गावाच्या रस्त्याने आली तेव्हा अर्धं गाव मागे. ताऊ धुतलेल्या कपड्यांत आले. पगडीवर, मधोमध, बिल्ला. ताईंनी त्याच दोन भोकांतून लाल दोरा ओवून तो घट्ट शिवला होता आणि राखेने असा घासला होता की उन्हात त्याच्याकडे बघवत नव्हतं. अधिकारी गाडीतून उतरले, ताऊंच्या समोर आले आणि त्यांनी कडक सॅल्यूट केला. ताऊंचे अनवाणी पाय आपोआप जुळले. 

मी व्हॉल्व्ह उघडायला लावला. होज फुगत फुगत ताठ झाला. सुरुवातीला जवानांनी नोझल धरला, पाणी उसळलं, समोरच्या अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या वर गेलं. माझ्या लाइनचं पाणी, माझ्या नकाशातलं. कोणी बघत नाहीसं पाहून मी डोळे पुसले. मग ताऊ पुढे आले. "मी धरतो," ते मला म्हणाले. "तू मागं उभी ऱ्हा. पाय रोवून. मागं माणूस नसला का होज माणसाला फेकून देतो."

दोन जवान शेजारी उभे राहिले, पण होज ताऊंच्या बगलेत होता आणि त्यांच्या मागे मी, साडी खोचून, दोन्ही हातांनी तो रेटून धरलेली. पाण्याचा धक्का माझ्या दंडांपर्यंत येत होता. ताऊंच्या पाठीतली ताकद मला कळत होती. त्यांनी पाणी आधी उंच सोडलं, मग बाभळीवर, मग गावातल्या पोरांच्या दिशेने हलकेच. पोरं किंचाळत पळाली. ताई हसून हसून खाली बसल्या.

पाणी बंद झाल्यावर अधिकारी म्हणाले, "ताऊजी, आता सांगा. डेपोत काय झालं होतं?"

चौपालवरचे सगळे म्हातारे समोर होते. ताऊ हरयाणवीत सुरू झाले, दोन वाक्यं बोलले आणि अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले. मग माझ्याकडे वळले. "मी मराठीत सांगतो. तू ह्यांस्नी सांग."

"लय मोठा वणवा आला हुता," त्यांनी सुरुवात केली, आणि मी पहिल्याच शब्दाला थबकले. वणव्याला बोलीतली हिंदी काय? समोर सपाट प्रदेशातली माणसं. फौजेत कोणी डोंगर पाहिलाही असेल, पण डोंगरउतारावर उन्हाळ्यात कमरेइतकं वाळलेलं गवत पाहिलेलं नाही, ते पेटून वाऱ्याबरोबर खाली धावत येतं हेही नाही. माझ्या लक्षात आलं की ताऊंची गोष्ट गावाला कधी कळली नाही, कारण ती ज्या शब्दावर उभी होती तो शब्दच इथे नव्हता. मी हात उंचावून डोंगर दाखवला, बोटांनी गवत, आणि सांगितलं की आग पायी चालत येते, घोड्यापेक्षा जोरात, आणि वाटेतलं सगळं खाते. त्याला वणवा म्हणतात.

"वणवा," एक म्हातारा स्वतःशी म्हणाला.

"खाली रुळावर मालडबे. आत तोफेचे गोळे," ताऊ म्हणाले. "इंजन न्हाई. म्होरं बंब, मागं डबे, वरनं वणवा." बरोबरचे मावळातले गडी डब्यांना खांदे लावून ढकलायला लागले. डबे हलेनात. ताऊंच्या हातात नोझल. त्यांनी आधी डबे भिजवले, मग ढकलणारे गडी भिजवले, कारण त्यांचे सदरे धुमसायला लागले होते. आग जवळ आली तेव्हा गडी ओरडले, तू पळ. ताऊ म्हणाले, मी पळालो तर तुमच्यावर पाणी कोण मारणार? आणि मग डबा हलला. एक हलला तसे सगळे हलले. रूळ उताराला लागला आणि डबे गडगडत लांब निघून गेले.

मी वाक्यामागून वाक्य हिंदीत सांगत गेले. माझा आवाज कधी चढला ते मला कळलं नाही. ताऊ मराठीत बोलत होते, मी हिंदीत, आणि चौपालवरची माणसं ताऊंच्या तोंडाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. हरयाणाच्या उन्हात, माझ्या भाषेत, त्यांच्याच गावच्या माणसाची गोष्ट त्यांना पहिल्यांदा कळत होती. आयुष्यात मी बरंच काही बांधलं, पण त्या दुपारी मला माझ्याबद्दल जे वाटलं ते पुन्हा फारसं वाटलं नाही.

"बक्षीस काय मिळालं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"शिरा-पुरी आन एक दिवस सुट्टी."

कोणी हसलं नाही. चौपालवरचा सगळ्यात जुना फौजी, बर्मावाला, उठला. त्याने हुक्क्याची नळी ताऊंच्या हातात दिली आणि म्हणाला, "मैं तो गोली चलाकर छिप जाता था, भाई. तू तो खड़ा रहा."

त्यानंतर गावात कोणी पाहुणा आला की ताऊंना गोष्ट सांगायला लावायचे, आणि ताऊ ती मराठीतच सांगायचे. हरयाणवीत ती नीट होत नाही म्हणायचे. मी नसले की पंचाईत. म्हणून रविवारी आम्ही गेलो की माझी लेक दुभाष्याचं काम करू लागली. वणवा, उतार, धुमसणं, असे शब्द तिला ताऊंनी दिले, मी नव्हे. एकदा तिचं ऐकताना माझ्या लक्षात आलं की तिच्या हिंदीत मालडबे वाढले आहेत आणि आगीच्या पलीकडे एक वाघही उभा आहे. मी ताऊंकडे पाहिलं. हिंदी त्यांना उत्तम कळत होती. ते शांतपणे हुक्का ओढत होते आणि मान डोलावत होते.

ताऊ पुढे चार-पाच वर्षांनी, थंडीच्या दिवसांत गेले. तेव्हा आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. तेराव्याला आम्ही तिघंही गेलो. अंगणात पंगत बसली होती आणि बर्मावाला म्हातारा बाहेरगावच्या पाहुण्यांना गोष्ट सांगत होता, अस्सल हरयाणवीत, हातवारे करत. "फेर वणवा आग्या," तो म्हणाला. पाहुण्यांनी विचारलं, हे काय असतं? त्याने हात उंच करून त्यांना डोंगर दाखवला.

बिल्ला ताईंनी नातीला दिला. ती आता त्याच कॉलनीत राहते, आजोबांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. तिच्या बाल्कनीतून खाली पाहिलं की माझा हायड्रंट दिसतो. दर दिवाळीआधी ती फोन करून विचारते, "आंटी, इसमें पानी तो है ना?" मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी मी देखभालीच्या ऑफिसला फोन लावते, खात्री करून घेते आणि तिला कळवते की आहे.